आत्या, नकाशा आणि पाणघोडे

आमची आत्या पडदे शिवते. तिच्या हातचा पडदा असा सुरेख पडतो की खिडकीलाही मिरवावंसं वाटावं. पण दिशांशी तिचं जन्माचं वाकडं आहे. दुकानातून बाहेर पडली की ती हमखास उलट्या बाजूला तरातरा चालू लागते, आणि तेही इतक्या ठामपणे की बरोबरची माणसं मुकाट्याने तिच्या मागे जातात.

इतकी वर्षं हे खपून गेलं, कारण गिऱ्हाइकांच्या घरी मापं घ्यायला आतोबा तिला स्कूटरवरून नेत. मग एकदा माळ्यावरचं पातेलं काढताना आतोबा पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि आत्याची पंचाईत झाली.

"अगं, फोनमध्ये नकाशा असतो," उशीवर पाय टेकवून आतोबा म्हणाले. "जायचं ठिकाण टाक, रस्ता तो सांगेल. हा निळा ठिपका दिसतोय ना? ती तू."

"एवढीशी?" आत्या हरखली. "चला, कोणाला तरी मी बारीक दिसते."

सराव म्हणून ती खाली रस्त्यावर उतरली. फोनमधल्या बाईने सांगितलं, "दक्षिणेकडे चालायला सुरुवात करा."

"दक्षिण कुठे ते कळत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" आत्या मोठ्याने म्हणाली. आपण वळलो की नकाशाही वळतो, हे तिला अजिबात आवडलं नाही. म्हणून तिने फोन एका जागी धरून ठेवला आणि ती स्वतःच त्याच्याभोवती फेऱ्या मारायला लागली. समोरचा किल्ल्या बनवणारा हातातलं काम टाकून बघत बसला.

"काकू, काही पडलंय का?"

"नाही रे. मी कुठे आहे ते शोधतेय."

"तुमच्याच दारात आहात," तो म्हणाला.

तरी आतोबांच्या मते प्रगती होती.

त्याच सुमाराला घरात पाळणाघर चालवणाऱ्या एका बाईंचं काम आलं. बाई स्वतः येऊन कापड पसंत करून गेल्या. छत्री घेतलेले गुलाबी पाणघोडे. जाताना म्हणाल्या, "मी आठवडाभर बहिणीकडे चाललेय. तुम्ही मापं घेऊन टाका, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. आमचे हे असतील घरी. त्यांना काही विचारत बसू नका, त्यांना पडदा आणि चादर यातला फरक कळत नाही." आणि त्यांनी फोनवर घराचं लोकेशन पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आत्या एकटी निघाली. दोनदा गोल फिरली, एकदा एका गॅरेजात शिरली, पण शेवटी एका इमारतीपुढे फोनमधली बाई म्हणाली, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात." आत्याने तिला चक्क "थँक्यू गं" म्हटलं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन डावीकडची बेल वाजवली.

एका टकलू गृहस्थांनी दार उघडलं.

"पडद्यांची मापं घ्यायला आलेय. बाईंनी सांगितलं असेल."

"हिने बोलावलं? या, या!" त्यांचा चेहरा उजळला.

घरातल्या सगळ्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. या गृहस्थांना निळे पडदे हवे होते, बायकोला हिरवे, आणि वर्षभर त्यावरून दोघांत जुंपली होती. हे आत्याला अर्थातच ठाऊक नव्हतं. तिने टेप काढली, मापं घेतली आणि जाताना कापडाचा तुकडा दाखवला.

"हे ठरलंय."

गृहस्थ पाणघोड्यांकडे बघत राहिले. "हे… हिला आवडलंय?"

"फार."

वर्षभराच्या भांडणापेक्षा पाणघोडे परवडले, असा विचार त्यांनी केला असावा. "मग माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "छत्रीबित्री आहे. छान आहे."

संध्याकाळी बायको कामावरून आल्यावर ते एवढंच म्हणाले, "पडद्यांचं मिटलं बरं का. आता तो विषय नको." बायकोला वाटलं, अखेर यानेच हातपाय हलवले. तीही गप्प बसली.

आठवडाभराने आत्या तयार पडदे घेऊन पुन्हा तिथेच गेली. या वेळी नवरा-बायको दोघंही घरी होते. बाई तर बहिणीकडे गेलेल्या, म्हणून ही गृहस्थांची बहीण असावी असं आत्या धरून चालली. पहिला पडदा लागला तशी बायको जागीच थिजली.

"छान आहेत, नाही?" नवरा प्रेमाने म्हणाला.

"छानच," बायको कशीबशी म्हणाली. "गुलाबी आहेत."

दोघं एकमेकांकडे बघून इतकं गोड हसत होते की आत्याला हे घर फारच आवडलं. ती शेवटच्या खिडकीपाशी स्टुलावर चढली तेवढ्यात तिचा फोन वाजला. पाळणाघरवाल्या बाई!

"अहो ताई, तुम्ही मापाला आलाच नाहीत का? मी आज परत आले. आमचे हे म्हणतात, कोणी आलं नाही. पण यांच्या आठवणीचं काही खरं नसतं, म्हणून विचारते."

"मापाला?" आत्या म्हणाली. "अहो, मी पडदे लावतेय! तुमच्या घरात स्टुलावर उभी आहे!"

"माझ्या घरात तर मी आहे. इथे स्टुलावर कोणी नाही."

आत्याने पाणघोडा बाजूला सारून बाहेर पाहिलं. मागच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे दुसरी इमारत होती, आणि तिच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कानाला फोन लावून एक बाई उभ्या होत्या.

"मला एक बाई दिसताहेत," आत्या म्हणाली. "हात हलवा बरं."

बाईंनी हात हलवला. आत्यानेही हलवला.

"ते माझे पाणघोडे आहेत!" बाई फोन विसरून खिडकीतूनच ओरडल्या.

मग बायकोने नवऱ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे हे तू नाही निवडलेस?"

"मी? मला वाटलं, तू!"

"मी पाणघोडे निवडीन?"

आता भांडण पेटणार म्हणून आत्या स्टुलाला घट्ट धरून बसली. पण बायको हसत सुटली. नवराही खुर्चीत बसून डोळे पुसू लागला. आत्या पडदे उतरवायला हात पुढे करते न करते तोच दोघं एकदम ओरडले, "राहू द्या!" वर्षभरात त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आत्याने खिडकीतूनच बाईंना नवे पाणघोडे शिवून देण्याचा शब्द दिला आणि लगेच मापाला येते म्हणाली. समोर घर दिसत होतं, बाई दिसत होत्या, तरी तिथवर पोहोचायला दोन गल्ल्यांचा वळसा होता. ती पायऱ्या उतरून तडक उलट्या बाजूला निघाली. बाई वरून ओरडत राहिल्या, "ताई, उजवीकडे! अहो, तुमची उजवी नव्हे, माझी! नाही, नाही, तुमचीच!" शेवटी नवरा-बायको धावत खाली आले, आणि दोघं दोन बाजूंनी दंड धरून आत्याला पलीकडच्या इमारतीत पोहोचवून आले.

महिन्याभरात आतोबांचं प्लास्टर निघालं. पण आत्या अजूनही मापाला एकटीच जाते. म्हणते, "स्कूटरवरून गेलं की नुसतं ठरल्या घरी जाऊन परत यावं लागतं."