आईच्या मोपेडचा काळा रंग

आमच्या गारखेड्याच्या घरापुढं आईची मोपेड उभी असायची. चालायची नाही, नुसती उभी. याच मोपेडवर आई कित्येक वर्षं क्रांती चौकातून वाट काढत शाळेत शिकवायला गेली. पदर कमरेला खोचलेला, पर्स हँडलला. तेव्हा पुढची ढाल आणि बाजूची कव्हरं काळीभोर होती. आमच्याकडच्या उन्हानं त्या प्लास्टिकची पार चुलीतली राख करून टाकली.

एके दिवशी आईनं जाहीर केलं, "रविवारी भंगारवाला येणार हाय. देऊन टाकू."

"अगं, तुझी गाडी!"

"म्हणूनच. दारात एकच म्हातारी पुरे."

ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही. रविवारच्या आत गाडीला रंग आणायचाच, असं मी ठरवलं. मी असं काही ठरवलं की आमच्या घरात लोक चांगल्या चादरी आवरून ठेवतात.

आधी खोबरेल तेल चोळलं. काय ती चमक! आईला हाक मारून दाखवली. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची सगळी धूळ येऊन त्यावर बसली आणि गाडीला दाढी फुटल्यासारखं दिसायला लागलं. मग बुटाचं काळं पॉलिश. ते मात्र पक्कं बसलं, माझ्या पांढऱ्या पायजम्यावर. गाडीवरून पहिल्याच पाण्यात निघून गेलं.

शेवटी शहागंजात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराला गाठलं. त्यानं सगळी हकिगत ऐकत मला पायजम्यासकट न्याहाळलं.

"तेल लगाके धूप में रखे? भजिये तलनेके थे क्या मियाँ?" मग जरा दया येऊन म्हणाला, "काला अंदरच हे. कहीं गया नहीं. गरम हवा मारो, ऊपर आ जाता."

माझा विश्वास बसला नाही. तरी शेजाऱ्यांकडून हीट गन मागून आणली. केस वाळवायच्या ड्रायरचा तापट थोरला भाऊच तो. शनिवारी सकाळी मागच्या कव्हरापासून सुरुवात केली. काम नीट व्हावं म्हणून एकाच जागी नेम धरून बसलो. प्लास्टिकवर टम्म फोड आला.

आई पायरीवर मेथी निवडत होती. "अरे, पापड भाजतोस का जाळतोस? हात थांबवू नको, फिरवत ऱ्हा."

"फिरवतोय की."

"व्हय, दिसतंय मला फिरवलेलं. आण इकडं."

मेथीचे हात पदराला पुसून तिनं हीट गन घेतली आणि निखाऱ्यावर पापड फिरवावा तसं मनगट हलवायला लागली. जरा लांबून, जरा जवळून, कुठंच न थांबता.

आणि मग जे झालं ते मी तोंड उघडं टाकून पाहिलं. पाटाचं पाणी कोरड्या वाफ्यात शिरावं तसा काळा रंग राखेत शिरत चालला. हवा पुढं सरकली की मागं काळंभोर. हात लावला तर कोरडं, डोळ्याला मात्र ओलं. वरून कणभर काही लावलेलं नाही. इतकी वर्षं ही गाडी ऊन खात उभी, आणि तिचा काळा तिच्या आतच बसून होता! शेवटी पुढची ढालही काळी झाली, तेव्हा आईनं हीट गन बंद केली. ढाल निवल्यावर तिच्यावरून बोटांची मागची बाजू फिरवली, ताप बघतात तशी.

"आतच होता व्हय," ती हळूच म्हणाली.

रविवारी भंगारवाला आला. "आजी, हीच ना?" म्हणून त्यानं हँडल धरलं.

"हात नको लावू! हिला काय झालंय?" आई कडाडली. मग माझ्याकडं बोट करून म्हणाली, "आत व्यायामाची सायकल हाय. हा तिच्यावर टॉवेल वाळवतो. ती घेऊन जा."

टॉवेल तेवढा मी वेळेत काढून घेतला.

मोपेड अजून दारात आहे. कुणी आलं की आई हौसेनं दाखवते आणि मागच्या कव्हरावरच्या फोडापाशी थांबून न चुकता सांगते, "एवढं ह्याचं काम. बाकीचं मी केलंय."