बापू कितीला येतो?

आम्ही टॉकीजवाले तिघं भेटलो, की आधी तब्येतीची चौकशी होते. मग एक किस्सा निघतो, त्याच्या शेपटीला दुसरा, आणि चहा निवतो! सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या टॉकीजमध्ये मी बुकिंगच्या खिडकीत, रहीमचाचा ऑपरेटर, मल्लप्पा डोअरकीपर. सत्तरच्या दशकातलं एक विनोदी पिक्चर आम्हाला आजवर पुरलंय.

पिक्चर सुमार. हीरो घसरून पडायचा, पब्लिक जांभया द्यायचं. पहिल्याच दिवशी इंटरव्हलला निम्मं थिएटर बाहेर चहाच्या गाड्यावर! मालक म्हणाले, "सोमवारी उतरवा."

आणि इंटरव्हलनंतर पडद्यावर बापू आले. साठी उलटलेले नट, हीरोच्या बापाचा रोल. बटण लावायला सुईत दोरा ओवतायत, ओवला जात नाही. डायलॉग एक नाही! आतून असा हशा उठला, की गाड्यावरची माणसं कप ठेवून पळाली. मल्लप्पा दारात ओरडतोय, "अवो, तिकीट तरी दावा की!"

पिक्चर उतरलं नाही.

*

शोची वेळ कुणी विचारेना. "बापू कितीला येतो?" एवढंच! शेवटी मी बोर्डावर खडूनं लिहिलं, 'बापू – ४.३५'.

मालक भडकले, "ही काय एसटी आहे का?"

दुसऱ्या दिवशी मालकच घड्याळ बघत आले. "पावणेपाच झाले. बापू लेट का?"

*

मागावर काम करणाऱ्या नरसक्का चौथ्यांदा आल्या. म्हटलं, "अक्का, पिक्चर तेच आहे."

"ठावं हाय की. आज तरी ओवतोय का बघते!"

*

एकदा रीळ तुटलं, ते नेमकं हीरोच्या गाण्यात. चाचा म्हणाले, "जोडताच नै. किसकू पता चलता?" गाणं गेलं.

आठ दिवसांनी डिस्ट्रिब्यूटरचा माणूस आला, पिक्चर बघून खूश. "इथलं प्रोजेक्शन फार छान आहे हो!"

*

आणि एका दुपारी खुद्द बापू! गाडी बदलायला सोलापुरात उतरले होते. कुणाला सांगू नका म्हणाले. मी त्यांना पडद्याशेजारच्या दाराशी, मल्लप्पाजवळ उभं केलं.

सीन सुरू झाला. थिएटर गडगडतंय, आणि हे पडद्याकडे पाठ करून अंधारात लोकांकडे बघतायत.

मल्लप्पा पडद्याकडे बोट करून म्हणाला, "बापू, पिक्चर तिकडं हाय की."

त्यांनी कानाला हात लावला. "ऐकू येत नाही रे आता. लोकांचे दात दिसतात का बघतोय."

मल्लप्पानं दाराचा पडदा सर्रकन बाजूला ओढला. उजेड थेट लोकांच्या तोंडावर!

"ए, पडदा सोड!" सगळं थिएटर ओरडलं.

सीन संपेपर्यंत मल्लप्पानं पडदा सोडला नाही.