परात वाजली त्यानंतर

आंजी गावात पौर्णिमाताईंचा आवाज न ओळखणारं लेकरू सापडणं कठीण. त्या गावच्या आशाताई. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, बाळंतिणीची विचारपूस करायची आणि लसीकरणाच्या दिवशी घराघरांतून लेकरं गोळा करून आणायची, ही त्यांची कामं. सुई टोचते नर्सबाई, पण लेकराला मांडीवर धरून त्याच्या कानाशी बोलतात त्या पौर्णिमाताई. "कायी होत नाई, बाळा. मी आहो ना." हे त्या इतकं मऊ म्हणतात, की सुई बाहेर आली तरी लेकरू त्यांच्या तोंडाकडेच बघत असतं. घरात हा आवाज नवऱ्याच्या वाट्याला कधी आला नाही, असं त्यांची जाऊ मोहिनी सांगते, आणि ते खरंही असावं.

याच आवाजावर मोहिनीच्या पोराचा, गजेंद्रचा डोळा होता. तो वर्ध्याला मानसशास्त्र शिकतो. जयंतीला विहारापुढच्या मांडवात दरवर्षी नाटक होतं, यंदाचं त्याने लिहिलं. नाटकात एक डॉक्टरीणबाई असते. लेकराच्या मनात भीती कशी तयार होते, हे तिला तपासायचं असतं. ती एका पोरीपुढे पांढरा ससा ठेवते, गोड बोलून हात लावायला सांगते, आणि हात लावला की मागे परात वाजते. पुन्हा ससा, पुन्हा परात. शेवटी पोरगी नुसता कापूस बघूनही किंचाळते. शास्त्राच्या नावाखाली माणसं काय काय करतात ते लोकांना कळलं पाहिजे, असं गजेंद्रचं म्हणणं. म्हणणं चांगलंच होतं.

डॉक्टरीणबाई अर्थातच पौर्णिमाताई. पोरीचं काम टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या गोंड वस्तीतल्या, सखूच्या रिंकूला मिळालं. टोलीवरची गोंड लेकरंही जयंतीच्या नाटकात दिसावीत, हा हट्ट पौर्णिमाताईंचाच. पोरीला मी सांभाळीन असा शब्द देऊन त्यांनीच सखूला राजी केलं होतं.

तालमीत परात नव्हतीच. गजेंद्र तोंडाने "ठण्ण" म्हणायचा आणि रिंकू खुदकन हसायची. जयंतीच्या दिवशी त्याने काकूला बाजूला घेतलं. पंगतीची मोठी परात आणली आहे, पण रिंकूला सांगायचं नाही, म्हणजे ती खरीखुरी दचकेल, असं तो म्हणाला. पौर्णिमाताईंना ते खटकलं. पण मांडव भरला होता, माईकवर नाटकाचं नाव पुकारून झालं होतं, आणि पोरगा शिकलेला. एवढ्याने काय होतं, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी पांढरा कोट चढवला.

कापसाचा ससा बघून रिंकू पुढे येईना. एवढी गर्दी बघून ती बुजली होती. लिहिलेला संवाद वेगळाच होता, पण पौर्णिमाताईंच्या तोंडून आपसूक रोजचं वाक्य गेलं.

"कायी होत नाई, बाळा. मी आहो ना."

रिंकूने निर्धास्त हात पुढे केला आणि तिच्या कानामागे परातीवर बत्ता बसला. पोरीने असा टाहो फोडला, की मांडवाने टाळ्यांचा कडकडाट केला. पहिल्या रांगेतल्या भैयाजींनी, म्हणजे रिटायर झालेल्या मास्तरांनी, पोरीला जागेवरच बक्षीस पुकारलं. मग तिच्या फ्रॉकखालून पाणी वाहू लागलं. बायकांना आधी कळलं, त्यांचे हात थांबले. सखू उठली, स्टेजवर चढली, पोरीला उचलून चालती झाली. उरलेलं नाटक रिंकूविनाच उरकलं. शेवटी गजेंद्रने भाषण केलं, लोकांनी माना डोलावल्या, पण पौर्णिमाताईंकडे कोणी बघेना.

गजेंद्र मात्र खुशीत होता. प्रेक्षक हादरले, म्हणजे नाटक जमलं! पौर्णिमाताईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कोट त्यांच्याच अंगावर होता.

पुढच्या लसीकरणाला गावातल्या निम्म्याच बाया आल्या. एक पोरगं तर पौर्णिमाताईंना बघताच आईच्या पदरात शिरलं. टोलीवरून कोणीच आलं नाही. शेजारच्या गावात गोवर निघाला होता, आणि सखूचा तान्हा लखन नेमका लशीच्या वयाचा. दुपारी लशीचा डबा परत जाणार होता. नर्सबाईला थांबायची विनवणी करून पौर्णिमाताई भर उन्हात टोलीकडे निघाल्या.

सखूच्या दारात रिंकू उभी होती. त्यांना बघून ती पळाली नाही, रडली नाही. तिने दोन्ही हातांनी कान घट्ट दाबले.

सखू बाहेर आली, पाणी दिलं, बाज पुढे केली. राग होता तो गजेंद्रवर. "त्यानं पोट्टीले फसवलं," ती म्हणाली, "तुमाले तरी कुठं माईत होतं, ताई."

नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. सखू त्यांच्यामागे आली असती, लखनला लस मिळाली असती, आणि डबाही वेळेवर गेला असता. खरं सांगितलं तर ती दार लावून घेणार, आणि गोवर काही दार बघून थांबत नाही. रिंकू कान दाबून त्यांच्याकडेच बघत होती.

"मले माईत होतं, सखू," त्या म्हणाल्या. "परात वाजन हे माईत होतं. तरी मी तिले म्हटलं, कायी होत नाई."

आतून सखूचा सासरा पुनाजी गोंडीत काहीतरी रागाने बोलला.

"सुई दुखते काय?" सखूने पौर्णिमाताईंना विचारलं.

"हाव. दुखते. रात्री तापही येईन. पण गोवर आला तं याच्याऊन लय वाईट."

सखू आत गेली. आता दार लागणार, या धास्तीने पौर्णिमाताईंनी पदर मुठीत आवळला. सखू लखनला घेऊन बाहेर आली. त्यांचे हात सवयीने पुढे झाले, तशी ती मागे सरली. "तुमी नका धरू त्याले. मी धरीन."

सखू दोन्ही लेकरं घेऊन त्यांच्याबरोबर गावात पोचली, तेव्हा नर्सबाई डबा बांधतच होती. तिने तोंड वाकडं करून पुन्हा उघडला. सखूने लखनला मांडीवर घट्ट धरलं, त्याचा दंड मोकळा केला. पौर्णिमाताई वाकल्या आणि इतक्या वर्षांचं वाक्य ओठांवर आलं. बाजूला रिंकू उभी होती, कान दाबून, त्यांच्या ओठांवर नजर लावून.

"दुखन, बाळा," त्या म्हणाल्या.

नर्सबाईने चिडून वर पाहिलं. सुई टोचली, लखनने टाहो फोडला. रिंकूने एका कानावरचा हात काढला आणि भावाचा पाय धरला. दुसरा हात कानावर तसाच होता.