सहीच्या आधी वाचलेलं पत्र

“इंग्रजी तुह्या बापाच्या वावरात पिकते काय?”

बारावीच्या भरल्या वर्गात इंग्रजीचे सर म्हणाले. मी धडा वाचायला हात वर केला होता, एवढंच. “सवलतीवर आले ना तुमी? मंग मुकाट्यानं आयका.” पोरं खदाखदा हसली. बापाचं वावर आहेच कुठे? तो दुसऱ्याच्या वावरात राबतो. मी खाली बसले. घरी जाऊन सरांविरुद्ध प्राचार्यांकडे तक्रार लिहिली.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी मला बाबांसकट बोलावलं. आमच्या गावाहून, रिठदहून, पहिल्या एस.टी.ने गेलो. टेबलावर पेपरवेटखाली माझं हॉल तिकीट होतं. शेजारी इंग्रजीत टाइप केलेलं पत्र. सर बाजूला उभे.

“सही करा अन् तिकीट घेऊन जा,” प्राचार्य म्हणाले.

बाबांना फक्त सही येते. तरी शर्टाच्या खिशात पेन कायम. आमच्या वस्तीत बुद्धविहारात जाताना कुणी पेनाशिवाय जात नाही. त्यांनी तो काढलासुद्धा. “सायब, कुठी करू?”

तिकिटाशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. वर्ष गेलं तर? मी कागद ओढून वाचू लागले. आपण सारे एक कुटुंब आहोत. मग माझ्या हुशारीचं कौतुक. मग, उज्ज्वल भविष्य कुणाला नको असतं? मग, बेजबाबदार मुलांचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. खाली, तक्रार खोटी होती, स्वेच्छेने मागे घेतो. ‘स्वेच्छेने’ तीनदा.

हे तर माझ्या वहीत होतं! जाहिरातीचा धडा शिकवताना सरांनीच लिहून दिलेलं. आधी ‘आपण’ म्हणून जवळ ओढायचं, मग गोंजारायचं, उत्तर ठरलेला प्रश्न टाकायचा, भीती घालायची, हवा तो शब्द घोकत राहायचा. अगदी त्याच क्रमाने. मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

“बाबा, पेन खिशात ठेवा.”

“काहून? काय लिहेल हाय त्यात?”

“मी खोटं बोलली, असं लिहेल हाय. गोड करून.”

पत्र घेऊन उठले. तिकीट तिथेच राहिलं. आम्ही पायऱ्या उतरलो.

“आता तुहं कसं होईन वं?” बाबा म्हणाले.

  परीक्षा आठ दिवसांवर आली आहे आणि मला फार भीती वाटते. तरी उद्या त्याच टेबलासमोर उभी राहणार. वर्गात वाचू दिलं नव्हतं ना? तिथे हे पत्र ओळ न् ओळ मोठ्याने वाचणार. कुठे गोंजारलं, कुठे धमकावलं, बोट ठेवून सांगणार. तिकीट मागणार. सही देणार नाही.