बाटली आडवी कुणी केली

बायको जाऊन वर्ष व्हायच्या आतच मी तिच्यासाठी भांडायला लागलो, अन् तेही कॉम्प्युटरवर. मी चौथी शिकलेला. भांडणात बोटं लेकीची, तोंड माझं.

लेक तेलगावला दिलेली. तिथं ती अन् जावई टायपिंगचा क्लास चालवायचे, त्यात नवीनच इंटरनेट घेतलं होतं. तिनं सांगितलं, इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीबी लिहावं, कुणीबी खोडावं, अन् आपल्या गावाचंही पान कुणीतरी केलंय. म्हटलं, वाच. देऊळ, शाळा, कापूस, ऊस. खाली एक ओळ: गावातलं देशी दारूचं दुकान साहेबांनी बंद केलं. साहेब म्हणजे आमच्याकडच्या एका पक्षाचे पुढारी.

दुकान बायांनी बंद केलं होतं. सरकारी माणसांनी शाळेत फक्त बायांचं मतदान घेतलं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली अन् आडवी बाटली. आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद करा. पण आलेल्या बायांत आडवीवाल्या जास्त असून भागत नव्हतं, यादीतल्या सगळ्या बायांच्या निम्म्याहून जास्त शिक्के लागत होते. अन् आमच्या कितीतरी बाया ऊसतोडीवर. परतीच्या गाड्या मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबतात म्हणून माझी बायको तिथं दोन दिवस जाऊन बसली. मुकादमांशी भांडली, बाया सरळ गावात आणल्या. साहेब आले ते गुलाल उधळायला.

लेकीनं आईचं नाव घालून, तिचा नवरा सांगतो म्हणून, हे सगळं लिहिलं. दोन दिवसांनी बघितलं तर खोडलेलं, अन् साहेबांच्या जागी दुसऱ्या पक्षाचे भाऊ. पुढच्या आठवड्यात परत साहेब. कुणीतरी शहरातला जाणता माणूस त्या पानावर लक्ष ठेवायचा. त्यानं लिहिलं, पुरावा छापील पाहिजे, अन् नवऱ्यानं बायकोबद्दल लिहू नये, त्यात पक्षपात होतो.

"मग कुणी लिहावं?" मी म्हटलं. "शेजाऱ्यानं?"

"तसा नियम हाय, आबा," लेक म्हणाली.

साहेबवाल्यांनी पुरावा दिला होता, साहेबांच्या वाढदिवसाची पेपरातली पुरवणी. भाऊवाल्यांनी भाऊंची दिली. माझ्या बायकोचा वाढदिवस कधी असतो हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मी काय केलं, तिच्या वर्षश्राद्धाला त्याच पेपरात पुण्यस्मरण दिलं. फोटो, अन् खाली सगळा मजकूर, मांजरसुंब्यासकट. अंक लेकीपुढं टाकला. "घे. आता छापील झालं."

शहरातल्या माणसानं उत्तर दिलं, ही तुम्हीच दिलेली जाहिरात आहे.

मी लेकीला म्हटलं, लिही, वाढदिवसाच्या पुरवण्या काय देवानं छापल्या का? तिनं जरा सभ्य करून लिहिलं. त्या माणसाला ते पटलं. त्यानं साहेब काढले, भाऊ काढले, अन् एकच वाक्य ठेवलं: गावातील महिलांच्या मतदानानंतर दुकान बंद झाले. खोटं त्यात काही नव्हतं. पण मला वाटलं, हिला परत एकदा बायांच्या गर्दीत मागं ढकललं.

त्या पानाला जोडून चर्चेचं पान असतं. तिथं लिहिलेलं सहसा कुणी खोडत नाही. एका दुपारी लेक ते वाचत होती, वाचता वाचता थांबली.

"काय लिहिलंय?"

"काई न्हाई. गावातलंच कुणीतरी हाय."

"वाच की."

तिनं खाली बघून वाचलं. "या म्हाताऱ्याला विचारा, मतदानाच्या दिवशी त्यानं काय केलतं."

जावई उठून बाहेर गेला. त्या दुकानात मी रोज बसायचो. मतदानाच्या आदल्या दिवशी तिथले सगळे मला म्हणाले, "बायको आवरता येईना का बे तुला?" सकाळी मी तिला घरात कोंडलं, बाहेरून कडी लावली अन् पारावर जाऊन बसलो. तासाभरानं बघतो तर ती बायांच्या रांगेत उभी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नंतर दुकान गेलं, माझी दारू सुटली, पण त्या सकाळबद्दल ती मरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. अन् लेकीला मजकूर सांगताना मीही तेवढंच वगळलं होतं. दुसऱ्यांना पक्षपाती म्हणत होतो मी.

"खरं हाय ते," मी म्हटलं.

"मला ठाऊक हाय. कडी मीच काढलती." तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. "मी पाणी घेऊन आले तर आई आतून म्हणाली, कडी काढ, अन् आबाला विचारू नको कावून लावली म्हणून."

"मग इतके दिवस बोलली कावून न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हणून थांबले होते."

मी म्हटलं, त्या चर्चेच्या पानावर लिही.

"काय लिहू?"

"मी तिला कोंडलं, अन् ती तरी मताला गेली. एवढंच."

"हेबी पानावर घेणार न्हाईत, आबा. छापील न्हाई."

"न घेऊ देत. चर्चेत तरी राहील."

ती टाइप करायला लागली. मधेच थांबून म्हणाली, "आईचं नाव घालू?"

"घाल," मी म्हटलं. "आधी माझं घाल."