चौथ्या चाकावरच्या पिवळ्या रेघा

धम्मरत्न ओव्हाळ चाकणच्या एका कार कंपनीत चाकं बसवायचे. नोकरीचा बहुतेक काळ त्याच एका जागी गेला. लाइनवरून गाडी पुढे आली की ते टॉर्क पान्याने चाकाचे नट आवळायचे. नट हवा तेवढा घट्ट बसून पान्याने ‘कट्’ असा आवाज दिला की पिवळ्या मार्करने नटावरून थेट रिमपर्यंत एक सलग रेघ ओढायचे. रेघ म्हणजे हा नट आवळून झाला. रेघ असलेल्या नटाला पुन्हा पाना लावायचा नाही, अशी तिथली शिस्त होती.

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि ही शिस्त त्यांच्याबरोबर काळेवाडीतल्या घरी आली. घरची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. ती घेऊन मुलगी आम्रपाली माण गावातल्या आयटी कंपनीत जाते.

“पप्पा, सर्व्हिस सेंटरला टाकू या की,” ती दर वेळी म्हणायची.

“तिथं कोण आवळतंय, कसं आवळतंय, मला काय दिसतं? गाडीत तू बसतेस,” असं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

त्यामुळे ऑइल बदलणं, एअर फिल्टर झटकणं, ब्रेक बघणं ही सगळी कामं दारातच व्हायची. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायचं कामही त्यांनी एका रविवारी दारातच काढलं. आम्रपाली हाताशी होती. समोरच्या घरातले रोहिदास कठड्याला टेकून बघत होते. त्यांच्या घराण्याची शेती कधीकाळी याच गल्लीत होती. आता तिथे भाडेकरूंच्या खोल्या आहेत.

“ओव्हाळभाऊ, गाडीला हळद लावताय व्हय? लगीन काढलंय का काय?”

“लावून घ्या तुम्ही पण टेम्पोला. चालताना निम्मे नट रस्त्यावर सांडतात त्याचे.”

“सांडू द्या की. मागनं तुमी येताच गोळा करायला.”

तीन चाकं झाली. चौथं, मागचं डावं, बसवून धम्मरत्न यांनी नट हातानेच फिरवले आणि जॅक खाली घेतला. पक्कं आवळायचं ते चाक जमिनीला टेकल्यावर, म्हणजे ते जागचं हलत नाही. तेवढ्यात रोहिदासांचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी बंद पडला. ढकलायला माणूस हवा होता. धम्मरत्न पाना ठेवून गेले. परत आले तेव्हा चौथ्या चाकाच्या नटांवर पिवळ्या रेघा होत्या. त्यांनी अवजारं पुसली आणि आत जाऊन जेवायला बसले.

सोमवारी सकाळी आम्रपालीचा फोन आला. “पप्पा, मागून ठकठक येतीये. मारुंजीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतलीये.”

“डिकीत जॅक लोळत असेल.”

“बघितला. तो जागचा हलत नाहीये. डाव्या चाकातून येतीये.”

“नटांवर रेघा आहेत?”

“आहेत.”

“मग आवाज चाकाचा नाही. जा हळूहळू.”

तिने गाडी सुरू केल्याचा आवाज फोनवर आला.

“थांब,” धम्मरत्न म्हणाले. “खाली उतरून बघ. रेघ नटावरून रिमवर सलग गेलीये का?”

ती उतरली. “नाही. नटावरचा तुकडा एकीकडे गेलाय, रिमवरचा दुसरीकडे.”

“एकाच नटाचा?”

“सगळ्यांचा.”

“किल्ली काढ. गाडीपासून लांब उभी राहा.”

नीट आवळलेला नट बोल्टला किंचित ताणतो आणि त्या ताणावर चाक धरून राहतं. नुसता बसवलेला नट रस्त्याच्या हादऱ्यांनी फिरत फिरत सुटतो. हे धम्मरत्न यांना माहीत होतं, म्हणून पाना-मार्करची पिशवी घेऊन रोहिदासांच्या स्कूटरवर मागे बसल्यावर ते सारखे ‘जोरात घ्या’ म्हणत होते.

“पोरगी खाली उतरलीया न्हवं?” रोहिदास म्हणाले. “मग आता कशापायी घाबरताय?”



मारुंजीला पोचल्यावर त्यांनी पहिल्या नटाला हात लावला. तो बोटांनीच फिरला.

“मी आवळले होते हे.”

“कुठं आवळले? तुम्ही टेम्पो ढकलायला गेलात,” आम्रपाली म्हणाली. “रेघा मी मारल्या. म्हटलं, तुम्ही आल्यावर आवळालच, तेवढंच तुमचं वाकणं वाचेल.”

“आवळायच्या आधी रेघ?”

“आधी मारायची नाही, असं कधी सांगितलंत का?”

त्यांनी सांगितलं नव्हतं. लाइनवर हे कुणाला सांगावंच लागायचं नाही. आवळेल त्यानेच रेघ मारायची, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असायचं. शिवाय चौथ्या चाकाशी पान्याचा ‘कट्’ आपण ऐकला की नाही, हे त्यांनी रविवारी आठवून बघितलं नव्हतं. पिवळं दिसलं आणि त्यांच्या दृष्टीने काम संपलं.

डिकीतला जॅक लावून त्यांनी चाक काढलं, बोल्टांचे आटे पाहिले, रिमची भोकं बोटाने चाचपली. काही खराब झालं नव्हतं. मग चाक बसवून त्यांनी जॅक खाली घेतला आणि पाना मुलीच्या हातात दिला. आवाज येईपर्यंत तिने एकेक नट आवळला. मग उरलेल्या चाकांच्या नटांनाही, रेघा असूनही, त्यांनी तिच्याकडून पाना लावून घेतला. ते घट्टच होते.

आम्रपालीने चौथ्या चाकावरच्या जुन्या रेघा पुसल्या आणि मार्कर मागितला.

“आज नको,” धम्मरत्न म्हणाले. “नट कोरेच राहू देत. घरी आलीस की परत आवळून बघू.”

“आणि पुढच्या वेळी सर्व्हिस सेंटर?”

“टाकू. मी येतो बरोबर. बाहेर बसेन.”

“बाहेर? काचेला नाक लावून उभे राहाल तुम्ही.”

रोहिदास मोठ्याने हसले. आम्रपालीने गाडी रस्त्यावर घेतली. धम्मरत्न रोहिदासांना म्हणाले, “चला तिच्या मागून. माणपर्यंत जाऊ.”