सुकलालने सरळ केलेल्या तारा

आमचा सुकलाल एका जागी शांत बसलाय असं चित्र मी तरी कधी पाहिलं नाही. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असतो. त्याची बायको कमल सांगते, बोलायला बसला की बोलता बोलता तिच्या पदराच्या दशा सोडवतो, त्या एकेक सरळ करतो आणि मग उठून जातो. मी त्याची थोरली बहीण, मालती. आई गेल्यावर याला मीच वाढवला. त्यामुळे त्याला बोल लावायचा हक्क माझा. दुसऱ्या कोणी लावला तर मी त्याला उभा सोडत नाही.

अमळनेरकडून आम्ही सुरतेला आलो ते लूमच्या खात्यांसाठी. खातं म्हणजे पत्र्याखालचा लांबलचक हॉल, लूमला लूम चिकटलेले, आणि आवाज असा की शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. सुकलाल तिथे बीम जोडायचा. लूमवरचा उभा ताणा संपत आला की नव्या बीमचे, म्हणजे धागा गुंडाळलेल्या मोठ्या रुळाचे, हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून जोडायचे. एक धागा दुसऱ्यावर चढला, कुठे पीळ राहिला, तर कापडात रेघ उमटते आणि ताका बाद होतो. सुकलालच्या हातचा बीम कधी बाद झाला नाही. तो बोटांनी धागे असे विंचरायचा, जणू लग्नातल्या नवरीचा भांग पाडतोय. नवागाममधले खातेवाले त्याच्या नावाने एकमेकांशी भांडायचे.

त्याच आवाजाने त्याचा डावा कान खाल्ला. कानाच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "उजवा अजून आहे. खातं सोडलं तर राहील. नाही सोडलं तर तोही जाईल." तिशीतला पोरगा, घरात बायको, तान्ही मुलगी, आणि हा बहिरा होऊन बसणार? दवाखान्याच्या पायरीवरच मी त्याला बजावलं, "सुकलाल, पुन्हा खात्यात पाऊल टाकलंस तर माझं तोंड बघू नकोस." तो म्हणाला, "मग करू काय ताई? मला दुसरं येतं काय?"

मी तेव्हा पर्वत पाटियाजवळ एका साडीच्या पेढीत पॅकिंगला होते. अठ्ठ्याण्णवचं साल. आमच्या सेठला कॉम्प्युटरचं वेड लागलं. वर ऑफिसात कॉम्प्युटर, गोडाऊनला कॉम्प्युटर, खाली आमच्या पॅकिंगमध्येही एक, आणि हे सगळे वायरने एकमेकांना जोडायचे. वायरिंगचं काम धनसुखभाईंनी घेतलं होतं. माणूस सुरती, तोंडाने फटकळ, पण मनाने वाईट नाही. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "भाई, माझ्या भावाला घ्या. बारीक कामात त्याचा हात कोणी धरणार नाही." त्यांनी एक वायर त्याच्यापुढे टाकली, त्याची बोटं बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून ये म्हणाले.

काम असं होतं. भिंतीला ठिकठिकाणी छोटी पांढरी खोकी. प्रत्येक खोक्यातून एक वायर निघायची ती वर ऑफिसातल्या लोखंडी कपाटात जायची. कपाटात सगळ्या वायरी एका पेटीत खुपसायच्या. त्या पेटीला स्विच म्हणतात. वायरीच्या पोटात आठ बारीक रंगीत तारा, दोन-दोनच्या जोडीने एकमेकींना पीळ घातलेल्या. सुकलालने तो पीळ बघितला आणि त्याच्या जिवाला चैन पडेना. वीतभर कातडं सोलून त्याने आठही तारांचा पीळ सोडवला, नखाने ओढून त्या सरळ केल्या, शेजारी शेजारी निजवल्या आणि मग खोक्यात बसवल्या. धनसुखभाई खूश झाले. म्हणाले, "आवी सफाई कोईनी नथी!" त्यांच्याकडे आठ दिव्यांची एक छोटी डबी होती. ती लावली की तार जोडली गेली आहे की नाही ते कळायचं. सुकलालच्या प्रत्येक वायरीला आठही दिवे ओळीने लागले. त्या आठवड्यात तो घरी आला की गाणं गुणगुणायचा.

मग मुंबईहून स्विच चालू करून द्यायला एक साहेब आला आणि सगळं बिघडलं. स्विचचे हिरवे दिवे लागायचे, विझायचे, पुन्हा लागायचे. वरून पाठवलेलं बिल खाली यायला निघायचं आणि वाटेतच अडकायचं. साहेबाने बॅगेतून एक जाडजूड मीटर काढलं, एकेका वायरीला लावलं. मीटर जाड आवाजात भुर्र करायचं. नापास. दुसरी नापास. तिसरी नापास. डबीचे आठ दिवे पास म्हणत होते आणि हे मीटर नापास म्हणत होतं. साहेब म्हणाला, "तारा जोडलेल्या आहेत, पण एका जोडीतलं बोलणं दुसरीत घुसतंय. टोकं खराब आहेत. टोकं नीट करा. मी संध्याकाळच्या गाडीने जाणार. तोवर पास झाल्या तर स्विच चालू करून देतो, नाही तर सेठना सांगतो, सगळं वायरिंग उखडा."

धनसुखभाईंनी सगळा राग सुकलालवर काढला. "आज हे पास नाही झालं तर उद्यापासून येऊ नको. जा, तुझ्या खात्यात जा." मी खाली साड्यांच्या घड्या घालत होते. जिन्यातून हे शब्द माझ्या कानावर आले आणि हातातली साडी तशीच राहिली.

सुकलाल कामाला लागला. टोकं नीट करा म्हटल्यावर या पठ्ठ्याने काय करावं? आणखी सोललं! वीतभर होतं ते दीड वीत केलं, तारा आणखी ओढल्या, आणखी विंचरल्या. नीट म्हणजे सरळ, हेच त्याला आयुष्यभर ठाऊक. मीटर लावलं तर निकाल पहिल्यापेक्षा वाईट. त्याने ते टोक कापलं आणि पुन्हा केलं. आणखी वाईट. प्रत्येक खोक्यात दोन हात वायर जादा ठेवली होती, ती कापून कापून संपत आली. मी साडी ठेवायची, वर जायची, त्याचं तोंड बघायची, खाली यायची. आमची मुकादमीण सखुबाई ओरडली, "मालती, पायाला भिंगरी लागली का गं?" मी म्हटलं, "लागली! तुमचा भाऊ असता तर तुम्हालाही लागली असती."

दुपारी चहाला तो माझ्याजवळ आला. उभाच राहिला. चहा तसाच हातात. म्हणाला, "ताई, वायरच खोटी शे. नाही तर ट्यूबलाइटमुळे होत असेल. मन्हं काम खराब नही शे." मी म्हटलं, "चहा पी." तो म्हणाला, "मी परत खात्यावर जातो. खातेवाल्या आनंदाकडे बीम उतरलाय, तो कालपासून बोलावतोय. तिथे निदान मला काम येतं." एवढा राग आला मला! कप त्याच्या हातातून हिसकून घेतला. "आणि कान? कान काय आनंदा देणार आहे तुला?"

तेवढ्यात आमच्या पॅकिंगमधल्या कोपऱ्याकडून धनसुखभाईंची हाक आली. तिथलं खोकं साड्यांच्या गठ्ठ्यांमागे होतं. मीटरने तिथे पास म्हटलं होतं. अख्ख्या इमारतीत ती एकच वायर पास!

सुकलालचं तोंड उतरलं. मला वाटलं हा आनंदाने उडी मारेल, तर हा लाजून भिंतीकडे बघायला लागला. ती वायर त्याने सगळ्यात शेवटी केली होती. कॉम्प्युटरच्या पूजेचा मुहूर्त गाठायचा म्हणून सेठने कपाट लवकर बंद करायला लावलं होतं. वरचं टोक घाईत, खालचं टोक सखुबाईच्या शिव्या खात, गठ्ठ्यांमागे हात घालून कसंबसं. पुढे नीट करीन म्हणून त्याने झाकण लावून टाकलं होतं, कोणाला दिसू नये म्हणून. मी झाकण उघडलं. तारांचा पीळ अगदी टोकापर्यंत तसाच. कातडं जेमतेम बोटाच्या पेराएवढं सोललेलं.

माझं डोकं सणकलं. "ही गबाळी पास आणि तुझ्या भांग पाडलेल्या सगळ्या नापास! मग सगळ्या अशाच कर की रे मेल्या!"

"ताई, हे काय काम आहे? हे कोणाला दाखवू कसं?"

धनसुखभाई वाकून त्या टोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी दिवसभर कापून टाकलेली सुकलालची टोकं जमिनीवरून उचलली, शेजारी धरली आणि कपाळावर हात मारला. "अरे, पीळ! कंपनीने पीळ घालून दिलाय आणि तू बसून सोडवतोस? आणि मी गाढव, तुझी सफाई बघत बसलो!" 

साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, मी तेच सांगत होतो. पीळ असला की एका जोडीचं बोलणं दुसरीत जात नाही. आता खोक्यांमध्ये वायर उरली होती एकदाच कापण्यापुरती. यावेळी चुकलं तर भिंत फोडावी लागणार.

सुकलाल खाली बसला. कातडं पेरभर सोललं. आणि लागलीच त्याची बोटं आपोआप पीळ सोडवायला लागली! मी फटकन त्याच्या हातावर मारलं. पुन्हा वायर धरली, पुन्हा बोटं वळली, पुन्हा मारलं. सखुबाई म्हणाली, "काय लहान पोर आहे का?" मी म्हटलं, "हो, आहे." त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. म्हणाला, "ताई, हात ऐकत नाहीत गं." मी त्याचं मनगट धरून बसले. खोक्यामागून खोकं, मग वर कपाटातली टोकं, दोघंही तसेच सरकत गेलो. त्याच्या लेखी वाईट असलेलं काम करायला तो जितका धडपडला तितका चांगलं करताना कधी धडपडला नसेल.

ऊन उतरल्यावर साहेब वर कपाटापाशी मीटरचं एक टोक घेऊन उभा राहिला आणि धनसुखभाई दुसरं घेऊन खाली. पहिल्या खोक्याला लावलं. सुकलाल गुडघ्यावर बसून, उजवा कान मीटरकडे करून, श्वास रोखून. मीटरमधून आवाज आला, टींऽऽ, लांब आणि बारीक. धनसुखभाईंनी अंगठा दाखवला. मी टाळ्या पिटल्या.

सुकलाल माझ्याकडे बघून म्हणाला, "काय व्हयनं ताई? अजून बोलत कसं नही ते?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसरं खोकं. पुन्हा टींऽऽ. तो मीटरकडे कान लावून तसाच, आणि डोळे माझ्या तोंडावर. दिवसभर नापासाचा तो जाड भुर्र आवाज त्याला बरोबर ऐकू येत होता. हा बारीक येत नव्हता. तिसरं, चौथं, सगळी खोकी पास होत गेली, मी हसत राहिले, आणि तो माझं हसू बघून समजत राहिला.

साहेबाने स्विच चालू केला. हिरवे दिवे लागले ते लागूनच राहिले. धनसुखभाईंनी सुकलालच्या पाठीत धपाटा घातला. "तू पक्का माझ्याकडे. आता मीही असंच मीटर घेणार. ते तूच धरायचं. टीं बोललं की पुढच्या खोक्याला जायचं, मागे वळून बघायचं नाही."

सुकलाल "हो भाई, हो भाई" म्हणत मान डोलवत होता. मी मध्ये पडले. "टीं-बिं नको भाई. तो मीटरच्या काचेवर वाचून सांगेल. त्याची नजर चांगली आहे."

"वाचून सांगू दे, मला काय," असं म्हणून धनसुखभाई वर गेले.

सुकलाल माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "ताई, ते बोलत होतं?"

मी मान हलवली.

"प्रत्येक वेळी?"

"हो."

तो पहिल्यांदाच स्थिर बसला होता. बोटंसुद्धा हलत नव्हती. म्हणाला, "खातं सोडायला आपल्याला उशीर झाला का गं?"

"नाही रे वेड्या! उशीर झाला असता तर माझं हे बोलणं तुला ऐकू आलं असतं का?" मी म्हटलं, आणि सखुबाई हातातली साडी खाली ठेवून आमच्याकडे बघायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी किती मोठ्याने ओरडत होते.